पगडी, शाळेचा नियम आणि कायद्यातला एक शब्द (धागा)

१९७८ साल. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात ‘पार्क ग्रोव्ह’ नावाची एक खासगी शाळा होती. मंडला आडनावाचे एक शीख वकील आपल्या मुलाला घेऊन तिथे प्रवेशासाठी गेले. मुलगा केस न कापलेला, डोक्यावर पगडी बांधलेला. मुख्याध्यापकांनी विचारले, की केस कापून, पगडी काढून, शाळेची टोपी घालून तो येईल का? वडिलांनी नकार दिला. मुख्याध्यापकांनी प्रवेश नाकारला.

एवढीच घटना. ना कोणी अपशब्द उच्चारला, ना कोणी कोणाला दारातून हाकलले. पण या नकाराचा निवाडा व्हायला सुमारे पाच वर्षे लागली आणि तो देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. पुढच्या चाळीस वर्षांत ज्यांचा पगडीशी काडीचाही संबंध नव्हता, अशा अनेकांचे भवितव्य त्या निवाड्यातल्या एका शब्दावर ठरले. हा धागा त्या शब्दाचा आहे.

मुख्याध्यापक खलनायक नव्हते, हे आरंभीच नमूद केलेले बरे. त्यांच्या शाळेत तीनशेच्या आसपास मुले होती. बहुसंख्य इंग्रज असली, तरी हिंदू होते, इराणी होते, चिनी होते, कृष्णवर्णीय होते. पाच शीख मुलेही होती, मात्र ती पगडी न बांधता येत. त्यांचे म्हणणे असे, की शाळा ख्रिस्ती परंपरेची आहे आणि तिथे नाना वंशांची मुले एकत्र शिकतात. बाह्य खुणांमुळे त्यांच्यातले भेद ठळक होतात, ते पुसून टाकावेत म्हणून सर्वांना एकच गणवेश, एकच टोपी. नियम सर्वांना सारखा आहे, मग भेदभाव कुठे झाला?

हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही. ‘नियम सर्वांना सारखा’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक कचेरीत, प्रत्येक शाळेत, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत कोणी ना कोणी उच्चारलेले असते, आणि बहुधा सद्भावनेनेच. सारख्या नियमाचा भार सर्वांच्या माथ्यावर सारखा पडत नाही, ही गोष्ट नियम करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कारण तो भार त्याच्या स्वतःच्या माथ्यावर नसतो. इथे तर ‘माथ्यावर’ हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे.

मराठी माणसाला शिरस्त्राणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पागोटे पायावर ठेवणे म्हणजे काय, हे आपली भाषाच सांगते. शीख परंपरेत मात्र ही गोष्ट मानापमानाच्याही पलीकडची आहे. न कापलेले केस हे खालसा पंथाच्या पाच ‘क’कारांपैकी एक, आणि पगडी त्या केसांची राखण करते. ती काढून ये म्हणणे म्हणजे डोक्यावरचे कापड काढ म्हणणे नव्हे.

मंडलांनी ब्रिटनच्या ‘कमिशन फॉर रेशियल इक्वॅलिटी’ या वैधानिक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने दाव्याचा भार उचलला. मुलाला दरम्यान दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळाला, तिथे पगडीला हरकत नव्हती. म्हणजे व्यक्तिगत तंटा तसा मिटलाच होता. उरला होता तो तत्त्वाचा प्रश्न.

तो प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. कारण १९७८ साली मंडलांच्या हाती जो कायदा होता, तो असण्याचेही एक आश्चर्यच होते. त्याआधी जेमतेम तेरा वर्षांपूर्वीपर्यंत ब्रिटनमध्ये वर्णभेदाविरुद्ध असा कोणताही कायदा नव्हता. ‘काळ्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावणे तेव्हा असभ्य मानले जाई, बेकायदेशीर नव्हे.

१९४३ सालची गोष्ट. वेस्ट इंडिजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी पत्नी आणि मुलीसह लंडनला आले. रसेल स्क्वेअरमधल्या इम्पिरिअल हॉटेलात चार रात्रींसाठी खोल्या राखून ठेवल्या होत्या. पोचल्यावर त्यांना सांगण्यात आले, की एका रात्रीपेक्षा अधिक राहता येणार नाही. हॉटेलात अमेरिकी पाहुणे आहेत आणि त्यांना तुमचे असणे रुचणार नाही. कॉन्स्टन्टाइन तेव्हा ब्रिटिश सरकारच्याच कामगार खात्यात अधिकारी होते, आणि युद्ध चालू होते वंशश्रेष्ठत्वाचा झेंडा मिरवणाऱ्या हिटलरशी!

ते न्यायालयात गेले आणि १९४४ मध्ये जिंकले. पण कसे? वर्णभेद झाला म्हणून नव्हे, कारण तसा कायदाच नव्हता. मध्ययुगापासून चालत आलेला एक संकेत होता, की खाणावळवाल्याने सबळ कारणावाचून वाटसरूला आसरा नाकारू नये. त्या जुन्या दोरीला धरून न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई मिळाली पाच गिनी. अपमान वर्णाचा होता, निवाडा पथिकाचा झाला.

मग १९६३, ब्रिस्टल. तिथल्या बस कंपनीत वाहक आणि चालक म्हणून गोऱ्यांव्यतिरिक्त कोणाला घ्यायचे नाही, असा उघड रिवाज होता आणि त्याला कामगारांच्या संघटनेचीही साथ होती. गाय बेली नावाच्या जमैकन तरुणाची मुलाखत, तो वेस्ट इंडियन आहे हे कळताच, रद्द झाली. पॉल स्टिव्हन्सन या तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. त्यांच्या बाजूने जाहीरपणे बोलणाऱ्यांत त्रिनिदादचे लंडनमधले उच्चायुक्त होते, आणि ते उच्चायुक्त म्हणजे हेच कॉन्स्टन्टाइन.

बहिष्कार चार महिने चालला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने माघार घेतली. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते सुप्रसिद्ध भाषण झाले. पुढच्याच महिन्यात ब्रिस्टलच्या बसवर पहिला गौरेतर वाहक चढला. तो जमैकन नव्हता. रघबीरसिंग नावाचा शीख होता.

१९६५ साली ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा संमत झाला. फेनर ब्रॉकवे हे खासदार त्यासाठी कित्येक वर्षे वारंवार विधेयके मांडत होते. कायदा अगदीच अशक्त निघाला. हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी भेदभावाला बंदी. नोकरी आणि घर यांचा उल्लेखच नाही. म्हणजे ज्या ब्रिस्टलच्या लढ्याने या कायद्याला बळ दिले, त्या लढ्यातला अन्याय, नोकरी नाकारण्याचा, त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. कृष्णवर्णीय माणूस आता बसमध्ये हक्काने बसू शकत होता, ती चालवण्याचा हक्क मात्र कायदा देत नव्हता. नोकरी आणि घरे कायद्यात यायला १९६८ उजाडले.

मधल्या काळात वुल्व्हरहॅम्पटनमध्ये पगडीवरूनच एक मोठा संघर्ष पेटला होता. १९६७ मध्ये एक शीख बसचालक आजारपणाच्या रजेवरून दाढी आणि पगडीसह कामावर परतला. वाहतूक खात्याचा नियम होता: दाढी नको, पगडी नको. त्याला घरी पाठवण्यात आले. मोर्चे निघाले, दिल्लीतही पडसाद उमटले. याच शहरातून निवडून आलेले खासदार इनॉक पॉवेल यांनी एप्रिल १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध जे कुप्रसिद्ध भाषण केले, त्यात या शिखांच्या मागणीचा उल्लेख होता. अखेर एका शीख नेत्याने बैसाखीच्या दिवशी स्वतःला जाळून घेण्याची घोषणा केली, तेव्हा एप्रिल १९६९ मध्ये नगरपालिकेने नियम मागे घेतला. तो विजय आत्मदहनाच्या धमकीचा होता, कायद्याचा नव्हे.

कायद्यातला खरा बदल १९७६ साली झाला. गृहमंत्री रॉय जेंकिन्स अमेरिकेला जाऊन आले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या खटल्यात एक महत्त्वाचा निकाल दिला होता. ही कंपनी बऱ्या पगाराच्या जागांसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि चाचणी मागे. अट सर्वांना सारखी. पण ज्या राज्यात कृष्णवर्णीयांना पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट शाळांत ढकलले गेले होते, तिथे या अटीने नेमके तेच गाळले जात, आणि त्या कामाला त्या प्रमाणपत्राची गरजही नव्हती. न्यायालय म्हणाले, हेतू काहीही असो, परिणाम भेदभावाचा असेल आणि अट कामासाठी आवश्यक नसेल, तर ती चालणार नाही.

हा विचार जेंकिन्स यांनी आणला आणि १९७६ च्या कायद्यात ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ या नावाने गोवला. ‘नियम सर्वांना सारखा’ या वाक्याला कायद्याने दिलेले हे उत्तर. नियम सारखा असला, तरी एखाद्या वांशिक गटातली फारच थोडी माणसे तो पाळू शकत असतील, त्यामुळे त्यांचे नुकसान होत असेल आणि त्या नियमाचे समर्थन करता येत नसेल, तर तो भेदभावच.

पार्क ग्रोव्हच्या टोपीला हे उत्तर अचूक लागू पडणारे होते. एक अडचण सोडून. संरक्षण होते ‘वांशिक गटा’ला. कायद्यात गटाची व्याख्या होती: वर्ण, वंश, राष्ट्रीयत्व, आणि ‘एथ्निक’ किंवा राष्ट्रीय मूळ. धर्म हा शब्द तिथे नव्हता. शीख हा तर धर्म.

इथे मराठीची एक पंचाईत सांगायला हवी. इंग्रजीतल्या ‘रेस’ आणि ‘एथ्निक’ या दोन्ही शब्दांना मराठीत आपण सर्रास ‘वंश’ आणि ‘वांशिक’ म्हणून मोकळे होतो. हा सगळा खटला त्या दोन शब्दांमधल्या फटीत घडला, आणि मराठीत ती फटच दिसत नाही. म्हणून पुढे ‘एथ्निक’ हा शब्द तसाच ठेवला आहे.

कायद्यातल्या एका शब्दाने माणसाचे काय होते, याचा ताजा अनुभव तेव्हा ब्रिटनला होता. लंडनच्या ईलिंग पालिकेने घरांच्या प्रतीक्षायादीसाठी ‘ब्रिटिश प्रजाजन’ असण्याची अट घातली होती. युद्धापासून ब्रिटनमध्ये राहिलेल्या एका पोलिश नागरिकाला त्यामुळे यादीत जागा मिळाली नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की कायद्यात ‘राष्ट्रीय मूळ’ आहे, ‘राष्ट्रीयत्व’ नाही, सबब हा भेदभाव कायद्यात बसत नाही. १९७६ च्या व्याख्येत ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द दिसतो, तो या निकालानंतर घातलेला आहे.

तर शीख हा धर्म की ‘एथ्निक’ गट? कनिष्ठ न्यायालयात मंडला हरले. जुलै १९८२ मध्ये अपील न्यायालयातही हरले. तिथे पीठाचे प्रमुख होते लॉर्ड डेनिंग, विसाव्या शतकातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध इंग्रज न्यायाधीश, वय ८३. त्यांनी शब्दकोश उघडले. ‘एथ्निक’चा जुना अर्थ होता मूर्तिपूजक, परधर्मीय. तो इथे निरुपयोगी. नव्या अर्थाच्या मुळाशी त्यांना वंशच दिसला. आणि शीख रक्ताने, वर्णाने, कुळाने इतर पंजाब्यांहून वेगळे नाहीत; वेगळे आहेत ते धर्माने आणि संस्कृतीने. धर्मावरून भेदभाव करायला या कायद्याची आडकाठी नाही. निकाल मुख्याध्यापकांच्या बाजूने. शिवाय एका सज्जन शिक्षकाला न्यायालयात खेचल्याबद्दल आयोगालाच बोल लावण्यात आले.

डेनिंग यांच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या काही निकालांपैकी हा एक. त्याच वर्षी त्यांच्या एका पुस्तकातल्या कृष्णवर्णीय ज्यूरी सदस्यांविषयीच्या शेऱ्यांवरून गदारोळ उठला होता, पुस्तक बाजारातून मागे घ्यावे लागले, डेनिंग यांनी माफी मागितली आणि निवृत्ती जाहीर केली. त्या शेऱ्यांचा विषय होता ब्रिस्टलमधल्याच एका दंगलीचा खटला. इतिहास काही गावांना पुन्हापुन्हा भेटतो.

या निकालाने ब्रिटनमधले शीख हादरले. प्रश्न आता एका शाळेचा राहिला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ते ‘गट’च नसतील, तर त्यांना पगडीवरून नोकरी, घर, प्रवेश काहीही नाकारता येणार होते. हजारो शीख लंडनच्या रस्त्यांवर उतरले. आणि अपील गेले हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, जे तेव्हा देशाचे सर्वोच्च न्यायालयही होते.

२४ मार्च १९८३. पाचही न्यायाधीशांनी एकमताने खालचा निकाल फिरवला.

मुख्य निकालपत्र लॉर्ड फ्रेझर यांचे. तेही ‘एथ्निक’च्याच अर्थाकडे वळले, पण वेगळ्या वाटेने. हा शब्द जीवशास्त्राचा नाही, असे त्यांचे प्रतिपादन. एखादा कायदा जर रक्ताच्या कसोटीवर उभा करायचा ठरवला, तर व्यवहारात तो कोणाच्याच उपयोगी पडणार नाही, कारण आपले कूळ शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करून देऊ शकेल असा मानवसमूह जवळजवळ नाहीच.

त्यांना आधार सापडला तो जगाच्या दुसऱ्या टोकाला. न्यूझीलंडमध्ये १९७९ साली ज्यूंविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या एका नाझी पुढाऱ्यावर खटला झाला होता. ज्यू हा धर्म की एथ्निक गट, हाच प्रश्न तिथेही आला होता. तिथल्या न्यायालयाने म्हटले होते, की एखादा समूह स्वतःकडे आणि इतर त्याच्याकडे एक वेगळा ऐतिहासिक समाज म्हणून पाहत असतील, समान श्रद्धा, रूढी, परंपरा आणि एका समान भूतकाळाची जाणीव त्यांना बांधून ठेवत असेल, तर तो एथ्निक गट. मूळ रक्तात शोधायचे नाही, स्मृतीत शोधायचे.

लॉर्ड फ्रेझर यांनी यातून एक कसोटी घडवली. दोन गोष्टी अत्यावश्यक: दीर्घकाळचा सामायिक इतिहास, ज्याची आठवण तो गट जिवंत ठेवतो, आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा, सामाजिक रीतिभाती धरून. याखेरीज समान प्रदेश किंवा थोड्या पूर्वजांपासूनचा उगम, समान भाषा, समान साहित्य, भोवतालच्यांहून वेगळा धर्म, आणि मोठ्या समाजात अल्पसंख्य, पीडित वा वर्चस्व गाजवणारा गट असणे, यांपैकी काही असेल तर बळकटी येते. शीख या कसोटीला उतरतात हे उघड होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गुरू नानकांपासून सुरू झालेला धर्मपंथ, पुढे पंजाबात राज्य केलेला समाज, गुरुमुखी लिपी. लॉर्ड टेम्पलमन यांच्या मते तर शीख जवळजवळ एक वंश आणि जवळजवळ एक राष्ट्रच.

दुसरा एक शब्द होता ‘शकणे’. मुलगा हा नियम पाळू ‘शकत’ नाही, असे कसे म्हणता येईल? पगडी काढायला हात पुरतात. त्या पाच मुलांनी ती काढलीच होती ना? त्यावर न्यायालयाचे उत्तर असे, की ‘शकणे’ म्हणजे देहाने शकणे नव्हे. आपल्या समाजाच्या रीतिभाती आणि संस्कृतीशी सुसंगत राहून प्रत्यक्षात पाळता येईल का, एवढाच प्रश्न. साऱ्या निकालपत्रात सर्वांत मानवी असलेला भाग हाच म्हणावा लागेल.

राहिले समर्थन. मुख्याध्यापकांच्या सद्भावनेवर न्यायालयाने संशय घेतला नाही. पण त्यांचे कारण काय होते? पगडीने त्या मुलाचे वेगळेपण दिसते, ते दिसू नये. म्हणजे आक्षेप त्याच्या एथ्निक मुळाच्या खुणेलाच होता, आणि त्याच आक्षेपाने त्याच आक्षेपाचे समर्थन होऊ शकत नाही. आयोगावर खालच्या न्यायालयाने ओढलेले ताशेरेही अनाठायी ठरवण्यात आले.

कसोटी एकदा घडली, की ती घडवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. काही वर्षांतच लंडनमधल्या एका मद्यगृहाच्या ‘भटक्यांना प्रवेश नाही’ या पाटीवरून खटला झाला आणि १९८८ मध्ये अपील न्यायालयाने याच कसोटीवर जिप्सी हा एथ्निक गट ठरवला. ज्यूंना संरक्षण होतेच, ते पक्के झाले.

आणि मग एक रास्ताफारियन तरुण आला. सरकारी खात्याच्या व्हॅनचालकाच्या नोकरीसाठी त्याला जटा कापायला सांगितले गेले, त्याने नकार दिला, नोकरी गेली. पार्क ग्रोव्हची हुबेहूब पुनरावृत्ती: तोच प्रश्न केसांचा, तीच श्रद्धेची निष्ठा. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने त्याला परत पाठवले. रास्ताफारियनांचा सामायिक इतिहास साठ वर्षांचाच, ‘दीर्घ’ म्हणावा इतका नाही. शिखांच्या केसांना पाच शतकांचे पाठबळ होते म्हणून ते वाचले, याच्या जटा वयाने कमी पडल्या. या निकालाचे तर्कशास्त्र निर्दोष असेल. तो वाचून समाधान मात्र होत नाही.

मुसलमानांचेही तेच. ते अनेक देशांचे, अनेक भाषांचे, म्हणून एक एथ्निक गट नव्हेत. ईदची रजा नाकारल्याच्या खटल्यात त्यांना आपण ‘आशियाई’ आहोत या आडवाटेने यावे लागले. धर्मावरून नोकरीत भेदभाव करायला ब्रिटनच्या मुख्य भूमीवर बंदी आली ती २००३ साली. मंडला निकालानंतर वीस वर्षांनी.

२००९ मध्ये तर कसोटी उलटीच फिरली. लंडनच्या एका नामांकित ज्यू शाळेने एका मुलाला प्रवेश नाकारला. तो धर्म पाळत होता, पण त्याच्या आईचे धर्मांतर शाळेला मान्य असलेल्या धर्मपीठाने स्वीकारलेले नव्हते, आणि ज्यूपण आईकडून येते. नव्यानेच स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयाने अल्प बहुमताने ठरवले, की आईच्या वंशावळीवरून प्रवेश नाकारणे हा एथ्निक मुळावरून केलेला भेदभाव आहे. ज्या व्याख्येने ज्यूंचे रक्षण केले, तिनेच त्यांच्या शेकडो वर्षांच्या धर्मनियमाला अटकाव केला. न्यायाधीशांनाही हे सोपे गेले नाही, हे त्या निकालपत्रांवरून जाणवते.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मराठी वाचकाने हा सगळा इतिहास लक्षात ठेवायला हवा.

२०१० च्या समता कायद्यात ब्रिटिश संसदेने ‘जात’ हा शब्द आणला, पण दारातच उभा ठेवला. मंत्री आदेश काढून जातीचा समावेश वंशाच्या व्याख्येत करू शकतील, एवढेच म्हटले. २०१३ मध्ये संसदेने ‘करू शकतील’च्या जागी ‘केलाच पाहिजे’ असे केले. दलित संघटना आग्रही होत्या, काही हिंदू संघटनांचा कडवा विरोध होता. आदेश निघाला नाही.

याच काळात मिल्टन कीन्स या गावातून एक खटला आला. तो ‘तिर्की खटला’ म्हणून ओळखला जातो. बिहारमधून घरकामाला आणलेली एक आदिवासी स्त्री. दिवसाला १८ तास, आठवड्याचे सातही दिवस काम. मोबदला तासाला ११ पेन्स. झोपायला जमिनीवर गादी. तिचे म्हणणे होते, की आपल्याला असे वागवले गेले त्यात आपल्या खालच्या जातीचा वाटा आहे. मालकांच्या वकिलांनी सरळ मुद्दा मांडला: कायद्यात जात नाही. आदेश निघालेला नाही. दाव्याचा हा भाग फेटाळा.

डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो फेटाळण्यास नकार दिला. आधार कोणता? ‘एथ्निक मूळ’, आणि मंडला खटल्यापासूनचे त्याचे अर्थ. हा शब्द विस्तृत आणि लवचीक आहे, त्यात वंशपरंपरेने येणारी ओळख बसते, आणि जात अनेकदा नेमकी तशीच येते. पुढच्या वर्षी केवळ थकीत किमान वेतनापोटी तिला १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली.

जात म्हणजे वंश असे मात्र यातून कोणी समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेचा वांशिक सिद्धान्त धुडकावून लावला होता. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, हे त्यांनी ठासून मांडले. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदातही वंश आणि जात हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. ब्रिटिश न्यायाधिकरणाने आंबेडकरांशी वाद घातलेला नाही. त्याने एवढेच म्हटले, की एथ्निक मूळ रक्तावर ठरत नाही, हे १९८३ मध्येच मान्य झाले आहे.

याला भारताची स्वतःची एक किनार आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशभेदनिर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या व्याख्येत वंश, वर्ण, राष्ट्रीय वा एथ्निक मूळ यांच्या जोडीला आणखी एक शब्द आहे, ‘कुळपरंपरा’ अशा अर्थाचा. तो सुचवला होता भारताने. पुढे १९९६ मध्ये करारावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे भारतानेच भूमिका घेतली, की या शब्दात जात येत नाही. समितीला ते पटले नाही, आणि २००२ मध्ये तिने जात त्यात येते असे औपचारिकपणे नोंदवले. आपण जगाला दिलेल्या शब्दाचा अर्थ जगाने आपल्यालाच समजावून सांगावा, हा प्रसंग संकोचाचा खरा.

जुलै २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले, की जातीविषयी वेगळी तरतूद करण्याची गरज नाही. तिर्की खटल्यातला निर्णय पुरेसा आहे. म्हणजे आज लंडनमध्ये किंवा लेस्टरमध्ये कोणाला जातीवरून नोकरीत डावलले गेले, तर त्याने आधी न्यायाधिकरणाला पटवून द्यायचे, की आपली जात ‘एथ्निक मूळ’ या शब्दांत बसते. मग पुढे काय घडले ते सांगायचे. पार्क ग्रोव्हच्या त्या मुलालाही आधी हेच सिद्ध करावे लागले होते.